पितृपक्षातली खरेदी

फुई, तुझ्या तेराव्याची शेवटची पंगत उठली, माणसं हात धुऊन ओट्यावर सुपारीला टेकली, आणि आबांनी सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "ते जळगावच्या घराचं पुढं ढकललंस ना?"

मी म्हटलं, "नाही. परवा रजिस्ट्री आहे."

 आपल्या माणसांचं तुला माहीत आहे. मयताच्या घरी कोण किती रडलं यावर तासभर बोलतील, पण बाईमाणसानं खरेदीचा दिवस सांगितला की यांच्या घशात सुपारी अडकते. आबा म्हणाले, "पितृपक्षात? आणि माझी बहीण, तुझी सख्खी फुई, आत्ताच गेलेली असताना?"

"फुईनंच सांगितलं होतं पितृपक्षात घ्यायचं."

खोटं बोलले का मी? तूच सांगायचीस ना. पितृपक्षात कोणी सोनं घेत नाही, गाडी घेत नाही, घराचं तर नाव काढत नाही. जळगावच्या सराफ बाजारात त्या पंधरवड्यात दुकानदार माश्या मारत बसतात. तू म्हणायचीस, "गिऱ्हाइकांची रांग लागली की विकणारा आभाळात असतो. रांग मोडली की खाली उतरतो आणि माणसासारखं बोलतो. दसऱ्याला घेतात ती हौस, पितृपक्षात घेतात ती खरेदी." आणि कोणी शुभ-अशुभ काढलंच तर तुझं ठरलेलं होतं, "नात घर घेते म्हणून कोणत्या पितराला वाईट वाटेल? वाटलं तर तसला पितर मला नको."

आबांनी मग शेवटचं अस्त्र काढलं. घरातलं माणूस गेलं की वर्षभर शुभकार्य करत नाहीत, म्हणाले. तेव्हा माझं डोकं फिरलं, फुई. तुझा फोटो समोर होता, हार ताजा होता, तरी फिरलं. मी म्हटलं, "आबा, आजोबांच्या शेताचं निघालं तेव्हा तुम्हीच म्हणालात, लेकी परघरच्या, त्यांना काय विचारायचं. वाटा मागायला मी परघरची आणि सुतक पाळायला घरची, असं कसं?"  आबांनी उपरणं झटकलं आणि ते आत गेले. त्यांना मी असं कधी बोलले नव्हते. वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावंसं नाही वाटलं.

आता तू गेल्यावर सगळे तुझ्याबद्दल फार गोड बोलतायत. बाई किती साधी होती, किती मायाळू होती. कोण होती ही? मला जी फुई माहीत आहे ती भूगोलाची मास्तरीण होती, धुळ्याच्या देवपुरात स्वतःच्या दोन घरांची मालकीण होती, आणि एजंटाला दारात उभं करून घाम फोडायची. नव्या रंगाचं घर दाखवलं की तू सरळ भिंतीला नाक लावायचीस. पहिल्यांदा मी शरमेनं अर्धी झाले होते. एजंट म्हणाला, "मॅडम, रॉयल पेंट आहे." तू म्हणालीस, "रंग कशासाठी दिला ते हुंगते आहे." मग भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला केलंस आणि मागची बोटभर रुंद चीर त्याला दाखवलीस. चीर तिरकी असेल तर पाया हललाय, उभी बारीक असेल तर नुसतं प्लास्टर आहे, हे तू मला तिथल्या तिथं शिकवलंस, वर्गात नकाशा दाखवावा तसं, आणि तो बिचारा चावी हातात घेऊन विद्यार्थ्यासारखा ऐकत उभा.

"आपली माती कापसाची," तू म्हणायचीस. "पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिला कापूस सोसतो, भिंत नाही. मुरूम लागेपर्यंत पाया खोदला होता का, हे विचार. बिल्डरला नको विचारू, तो हो म्हणेल. गल्लीत ज्यानं शेजारी बोअर मारली त्याला विचार."

तुझं सगळं शिक्षण हे असं दुसऱ्याला विचारण्यावर उभं होतं. पाण्याचं एजंटाला विचारायचं नाही, ओट्यावर भांडी घासणाऱ्या बाईला विचारायचं. नळ किती दिवसाआड येतो, आणि आला की वरच्या टाकीत चढतो की मोटर लावावी लागते. धुळ्याच्या माणसाला पाण्याचं कोणी काही शिकवू नये म्हणा. रात्री रस्त्यावर दिवे असतात का ते इस्त्रीवाल्याला विचारायचं. कागदाचं विकणाऱ्याच्या वकिलाला विचारायचं नाही, पदरचे पैसे घालून आपला वकील करायचा आणि मागची खरेदी, त्याच्या मागची खरेदी, वारस, बोजा, सगळं शोधून घ्यायचं. मी एकदा म्हटलं, एवढा कशाला खर्च, ओळखीतले आहेत. तू चष्म्यावरून बघितलंस. "ओळखीतले आहेत म्हणूनच," म्हणालीस.

आणि ते भिशीचं प्रकरण. आमच्या ऑफिसातल्या बायकांची भिशी होती. पाइपच्या कारखान्यात आम्ही दहाजणी दिवसभर बिलं करायचो आणि महिन्याला एकीला भिशी लागायची. एकीच्या दिरानं गावाबाहेर शेत दाखवलं. सगळ्यांनी मिळून घ्यायचं, प्लॉट पाडून वाटून घ्यायचे, पुढंमागं बिनशेती झालं की सोनं होणार. ठरलं. चुन्याच्या फकीनं शेतात चौकोन आखले, आणि कोणाचा कोणता चौकोन हे भिशीसारखंच चिठ्ठ्या टाकून काढलं. माझी चिठ्ठी कोपऱ्याची निघाली. मला कोण आनंद. कोपऱ्याच्या प्लॉटवर नारळ फोडून मी उभी, असा फोटो तुला पाठवला.

तू फोन केला नाहीस. दुसऱ्या दिवशी एसटीनं जळगावला आलीस आणि थेट ऑफिसच्या गेटवर. मी खाली आले तर म्हणालीस, "सातबाऱ्यावर नाव कोणाचं येणार?"

"आम्हा सगळ्यांचं."

"मग तुझा कोपरा कुठं लिहिलेला असेल?"

मी म्हटलं, आमच्यात ठरलंय ना. तेव्हा तू चिडलीस, आणि चिडलीस की तुझी अहिराणी सुरू व्हायची. "बठ्ठं समजस तुले, पन हाई समजत नई? चुना पानीमा वाही जाई." सगळं समजतं तुला, पण हे समजत नाही? चुना पाण्यात वाहून जाईल. त्या शेतात कोपरा नव्हताच, फुई, होता फक्त सगळ्यांचा मिळून एक तुकडा, ज्याच्यावर ना वेगळं बांधता येणार होतं ना वेगळं विकता येणार होतं. मी नाव काढून घेतलं. बायका माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. आज त्या शेतात चौकोन नाहीत, बाभळी आहेत, आणि त्यातल्या तिघी एकमेकींशी बोलत नाहीत. मला त्याचा आनंद नाही. पण तू त्या दिवशी आली नसतीस तर मीही त्या बाभळीत असते.

म्हणून तू प्रत्येक वेळी बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही. तेराव्याला सगळ्यांनी म्हटलं, ते पुरे झालं.

मेहरूणचं घर आठव. तळ्याच्या बाजूला, संध्याकाळी वारा येणारं, पुढं पारिजात. मे महिन्यात पाहिलं होतं आपण, दोन लग्नांच्या मधे, तू पैठणी नेसून आणि मी अक्षता डोक्यात घेऊन. मला ते घर इतकं आवडलं की मी तिथंच स्वयंपाकघरात डबे लावायला लागले मनातल्या मनात. तू गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिलीस, खाली वाकून उतार बघितलास आणि म्हणालीस, "उन्हाळ्यात सगळेच प्लॉट कोरडे असतात. पोळ्यानंतर येऊन बघू." आपल्याकडचे लोक घरं बघतात ती लग्नसराईत, कारण तेव्हाच सगळे गावात असतात, आणि तेव्हा नालासुद्धा रस्त्यासारखा दिसतो, हे तुझं म्हणणं. मान्य. पण पोळ्यापर्यंत ते घर गेलं. दुसऱ्यानं घेतलं. त्या गल्लीत आजवर पाणी शिरलेलं नाही, फुई. मी मुद्दाम भर पावसात स्कूटीवरून जाऊन बघून येत होते आणि तुला फोन करत होते. तू दरवेळी म्हणायचीस, "पाऊस कुठं झालाय यंदा?" तुझ्यापुढं कोणाचं काय चालणार. जळगावला पूर येऊन ती गल्ली कोरडी राहिली असती तरच तू हरली असतीस, आणि जळगावला पूर यावा असं मला तरी वाटत नव्हतं.

त्या वेळी मी तुझ्यावर रागावले. म्हटलं, तुझ्या भीतीपायी माझं घर गेलं. तू म्हणालीस, "घर गेलं नाही, एक घर गेलं. घरावर प्रेम करू नको. ज्यात राहायचं त्याच्यावर कर हवं तर. जे कमवायला घ्यायचं त्याचा हिशेब कर." आणि मग हिशेब शिकवलास. भाडं बारा महिन्यांचं धरायचं नाही, दहाचं धरायचं. एक महिना रिकामं जातं, एक महिन्याचं प्लंबर खातो. घर रिकामं राहिलं तरी पगारातून हप्ता भरता आला पाहिजे, नाहीतर ते घर आपलं नाही, बँकेचं. नात्यातल्या माणसाला भाड्यानं द्यायचं नाही, कारण मग भाडंही जातं आणि नातंही. आणि भाव विचारून झाला की गप्प बसायचं. "विकणाऱ्याला शांतता सोसत नाही," तू म्हणायचीस, "तो आपणच खाली येतो." मला गप्प बसणं काही जमलं नाही. तुझ्या घराण्याचीच ना मी.

हे सगळं तू कुठं शिकलीस ते फार उशिरा सांगितलंस. लोक म्हणतात घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. तू हसून म्हणायचीस, मी लग्न टाळलं आणि घरं दोनदा पाहिली. पण ते हसण्याचं नव्हतं. नोकरी लागून तू धुळ्याला आलीस तेव्हा तुला कोणी खोली देईना. मिस्टर कुठं असतात? मिस्टर नाहीत. मग भाऊ राहणार का सोबत? नाही. मग नाही जमायचं. एका घरमालकानं तर चहा पाजला, शाळेची चौकशी केली, आपल्या मुलाचा भूगोल कच्चा आहे म्हणून त्याला शिकवशील का विचारलं, आणि मग खोली नाही म्हणाला. तू मुख्याध्यापिकाबाईंच्या माडीवर पाहुणी म्हणून राहिलीस, आणि पाहुणीला पाहुण्यासारखंच राहावं लागतं. देवपुरातलं घर घेतलंस तेव्हा छत गळत होतं. पहिल्या रात्री खाली पातेली मांडून तू झोपलीस. मला सांगितलंस, "इतकी गाढ झोप मला आईच्या कुशीत पण लागली नव्हती. कारण सकाळी उठून कोणी जा म्हणणार नव्हतं."

मला घर घ्यायचं वेड लागलं ते या वाक्यानं, फुई. भाड्याबिड्याचं नंतर. किशोर चांगला आहे, सासरचे चांगले आहेत, पण ते घर त्यांचं आहे. माहेर आबांचं आणि नंतर भावाचं. मला जगात एक दार पाहिजे होतं ज्याची चावी मला कोणी दिलेली नाही. तू ते ओळखलंस आणि कधी बोलून दाखवलं नाहीस.

चौधरीकाकांचं रो हाउस तू श्रावणात पाहिलंस, पिंप्राळ्याच्या बाजूचं. मुद्दाम पाऊस लागलेला दिवस निवडलास. छत्री मला धरायला लावून गल्लीभर फिरलीस, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघितलंस. पंचवीस वर्षांचं घर, रंग उडालेला, मोरीची फरशी फुटलेली. तुला तेच आवडलं. "याला लपवायचं काही नाही," म्हणालीस. काका-काकू मुलाकडं पुण्याला निघाले होते. तू काकूंजवळ ओट्यावर बसलीस, एक केळं सोललंस, अर्धं त्यांना दिलंस, आणि दोघी घरापेक्षा सांधेदुखीवरच जास्त बोललात. उठताना ठरलं. काकांनी शब्द दिला तो मला नाही, तुला. मुलगा पितृपक्षात दोन दिवस सुटीवर येणार होता सह्या करायला. त्या दोन दिवसांत झालं तर आपलं, नाहीतर दसऱ्याचं गिऱ्हाईक जास्त पैसे घेऊन तयारच बसलं होतं. म्हणून आबांनी पुढं ढकल म्हटलं तेव्हा मी ढकलू शकत नव्हते. ढकललं असतं तर गेलं असतं.

आणि त्याच दिवशी, घर पाहून परतताना, तू ते बोललीस.

जळगाव स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत होतो. तू म्हणालीस, "भाडेकरू ठेवशील तो फॅमिलीवाला ठेव. एकट्या पोरीला देऊ नको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "हे तू बोलतेस?"

"मी आहे म्हणूनच बोलते. गल्ली मालकिणीला जाब विचारते, भाडेकरणीला नाही."

मग मी लता सिस्टरचं नाव काढलं. काढायला नको होतं, असं तुझ्या तोंडाकडं बघून वाटलं, पण मी काढलं. मी शाळेत असताना सुटीला तुझ्याकडं यायचे तेव्हा मागच्या खोल्यांत लता सिस्टर राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स. मला इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणून द्यायची खेळायला, आणि तू ओरडायचीस. रात्रपाळी संपवून ती सकाळी यायची आणि गल्लीतल्या बाया दारातून बघायच्या. मग एक दिवस गल्लीतले चार पुरुष तुझ्याकडं आले, चहा प्यायले, आणि महिना संपला तेव्हा लता सिस्टर ट्रंक रिक्षात घालून गेली. मी विचारलं तर तू म्हणालीस, तिची बदली झाली. बदली नव्हती झाली. मला नंतर ती दवाखान्यात दिसली होती.

स्टँडवर मी हे सगळं बोलले. तू म्हणालीस, "तुला काय, बोलायला. मला त्या गल्लीत राहायचं होतं, एकटीला. तिच्यासाठी भांडले असते तर उद्या माझ्याच दाराशी आले असते ते." मी म्हटलं, "तुझ्या दाराशी कशाला येतील, घर तुझं होतं." तू म्हणालीस, "घर माझं होतं, गल्ली नव्हती." मी म्हटलं, "मग घर घेऊन उपयोग काय?" तेवढ्यात गाडी लागली. तू पिशवी उचललीस, चढलीस, खिडकीशी बसलीस आणि माझ्याकडं बघितलं नाहीस. मीही हात केला नाही.

फोन तू केला नाहीस, मी केला नाही. गौरी-गणपतीच्या गडबडीत मला वाटलं, होऊ दे एकदा विसर्जन, मग धुळ्याला जाईन, दोन दिवस राहीन आणि निवांत भांडू. तू विसर्जनापर्यंत थांबली नाहीस. आबांचा फोन आला तेव्हा मी मोदकाची उकड काढत होते. मी पहिल्यांदा काय म्हटलं माहीत आहे? "अशी कशी गेली?" म्हणजे रागानंच म्हटलं. सगळे रडत होते आणि मी चिडले होते, तुझ्यावर, की आपलं भांडण अर्ध्यात टाकून गेलीस. रडू नंतर आलं, वर्षभराच्या लोणच्याची जी बरणी तू मला द्यायचीस ती फडताळात दिसली तेव्हा आलं, आणि मग आवरेना.

रजिस्ट्री झाली. रजिस्ट्रार ऑफिसात पितृपक्षामुळं शुकशुकाट होता, तू म्हणालीस तसाच. आमचा नंबर लगेच लागला. तिथला माणूस कागद चाळताना म्हणाला, "या दिवसांत खरेदी? कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, "सांगितलं. बऱ्याच जणांनी." नाव एकटीचंच घातलं. बाईच्या एकटीच्या नावावर मुद्रांकात सवलत मिळते हे कारण मी सासरी सांगितलं होतं आणि ते खरं आहे. पण सवलत नसती तरी एकटीचंच घातलं असतं. किशोर साक्षीदार म्हणून सही करायला आला, सही करून म्हणाला, "आता तुझ्या घरी चहा मिळेल का मला?" म्हटलं, "विचार करून सांगते." काकूंनी चावी दिली तेव्हा त्यांचे डोळे भरले. घर रिकामं देऊ नये म्हणून माठ भरून ठेवलाय, म्हणाल्या. तुझी आठवण काढली. तुम्ही दोघी फक्त एकदाच भेटला होतात.

आबा आले नाहीत. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, कपाशीचं, भावाच्या गुडघ्याचं, आणि ठेवता ठेवता म्हणाले, "मोरीची फरशी बदलून घे. घसरशील." मी हो म्हटलं. आमच्यात तेवढंच होणार, आणि तेवढं पुरे आहे.

घर भाड्यानं द्यायचं म्हणून गल्लीत कळलं तसे लोक यायला लागले. पहिलं जोडपं आलं, त्यांना पार्किंग पाहिजे होतं. दुसऱ्यांना संडास वेस्टर्न पाहिजे होता. शेजारचे काका दोनदा आवर्जून सांगून गेले, "ताई, फॅमिलीच ठेवा हां. आपली गल्ली चांगली आहे." मी तुझ्यासारखी गप्प बसून बघितलं. विकणाऱ्यापेक्षा सल्ला देणाऱ्याला शांतता कमी सोसते. ते तिसऱ्यांदा पण आले.

मग भडगावची मनीषा आली. इथं पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे. गेटच्या आत पाऊलही टाकलं नाही तिनं. बाहेरूनच म्हणाली, "मी एकटीच आहे, ताई. आधीच सांगते, म्हणजे तुमचा वेळ नको जायला. घरं बघून बघून कंटाळलेय मी."

फुई, मला ऐकू आली ती तूच होतीस. धुळ्यात दारोदार फिरणारी, चहा पिऊन परत जाणारी तू. तुझ्याच मागं ट्रंक घेऊन रिक्षात बसलेली लता सिस्टर पण होती. तुम्हा दोघींत मला निवड करता येईना, आणि करायची गरजही नव्हती.

मी गेट उघडलं. तिला घर दाखवलं, टाकी दाखवली, नळाचे दिवस सांगितले. कॅलेंडरामागची भिंत पण दाखवली, लपवायचं काही नाही म्हणून. तिनं विचारलं, "कधी कधी लॅबमध्ये उशीर होतो. परत यायला रात्र झाली तर चालेल ना?" मी म्हटलं, "तुझ्या घरी तू कधी यायचं ते मला कशाला विचारतेस?" करार केला, अकरा महिन्यांचा, रजिस्टर करून. पोलिसांकडं माहिती दिली. तुझा एक नियम सोडून बाकी सगळे पाळले.

शेजारचे काका संध्याकाळी फाटकाशी उभेच होते. "ताई, एकटी मुलगी?"

"हो."

"म्हणजे गल्लीत चर्चा..."

"चर्चा करायची तर माझ्याशी करा. माझा नंबर घ्या. तिच्या दाराशी कोणी जायचं नाही. घर माझं आहे."

हे बोलताना मी घाबरले होते, ते तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. तू पण घाबरली असशील तेव्हा, त्या चार माणसांपुढं चहाचे कप ठेवताना. तू एकटी होतीस आणि तुझ्या मागं कोणी नव्हतं. माझ्या मागं तू होतीस. एवढाच फरक, आणि तो मला स्टँडवर कळला नव्हता. तेवढं मी मागं घेते.

बाकीचं नाही घेत. तू चुकलीस, फुई. लता सिस्टरला तू घराबाहेर काढायला नको होतंस. तू मला घर घ्यायला शिकवलंस, पायाची माती बघायला शिकवलंस, कागद वाचायला शिकवलंस, पण घेतलेल्या घराचं करायचं काय, ते मी माझं ठरवलंय. मनीषा काल राहायला आली. तिच्या घरात आज दिवा आहे, आणि चावी तिच्याजवळ आहे.

आता ये भांडायला.